गवतवाले सर

आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर स्वतः बनवलेल्या वस्तू जमिनीत पुरत असत. पंधरा दिवसांनी खुरपं घेऊन त्याच जागी उकरायला बसत. वस्तू सापडली की त्यांचा चेहरा पडे. काहीच सापडलं नाही की हात झटकत स्टाफरूममध्ये येत आणि समाधानानं खुर्चीत टेकत.

धुळ्याच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला नवीन लागले होते. चाळीसगावहून रोज जाऊन-येऊन करायची. पहिल्याच आठवड्यात सर माझ्या समोर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, आमची सव्वीस नंबर गेली."

मला वाटलं, कुणी विद्यार्थिनी. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "अरेरे. काय झालं होतं?"

"ताटली हो. गवताची. पंधरा दिवसांत नावनिशाण नाही. अरेरे काय म्हणता, पेढे वाटायला पाहिजेत."

मैदानाच्या कोपऱ्यात आइस्क्रीमच्या काड्या ओळीनं खोचलेल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर आणि तारीख. पोरं त्या जागेला सरांची स्मशानभूमी म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. चेंडू तिकडे गेला तर पाय जपून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे सगळं शाळेच्या लॉनमुळे सुरू झालं. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठल्याशा मोठ्या शहरातली शाळा पाहिली आणि आमच्या शाळेसमोरही हिरवंगार लॉन करवून घेतलं. एप्रिलात धुळ्याला दुपारी बाहेर पडलं तर चपलेतून चटका लागतो. तशा दिवसांत त्या लॉनला सकाळ-संध्याकाळ पाणी मिळे. त्यावर पाय ठेवायला मात्र कुणाला परवानगी नव्हती. सरांना ते लॉन बघवत नसे. "जे गवत गाय खात नाही आणि ज्यावर माणूस बसत नाही, ते पाणी पितं कोणत्या तोंडानं?" असं ते पहिल्या बैठकीत उभं राहून म्हणाले होते म्हणे. लॉन काही निघालं नाही. मग दर शनिवारी माळीदादा मशीन फिरवून कापलेलं गवत कचऱ्यात टाकतात, हे सरांनी पाहिलं. लॉन आपल्या हातात नाही तर निदान त्याची हजामत तरी आपल्या हातात घ्यावी, असं त्यांनी ठरवलं.

तेव्हापासून सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कात्री असे.

गवतातून कागद काढायची रीत तशी सोपी. गवत दोन दिवस भिजवायचं, धुण्याच्या सोड्यात उकळायचं, स्वच्छ धुऊन मिक्सरमधून काढायचं. तयार झालेला लगदा मच्छरदाणीच्या जाळीवर पसरायचा आणि वाळवायचा. ऐकायला सोपं आहे. पण भिजलेल्या गवताला तिसऱ्या दिवशी जो वास सुटतो, तो सोपा नाही. एकदा सरांनी पिंप चित्रकलेच्या वर्गामागे ठेवलं आणि सुट्टी आल्यामुळे ते तिथेच राहिलं. सोमवारी मुख्याध्यापकांनी शिपाईभाऊंना सगळ्या कपाटांमागे मेलेला उंदीर शोधायला लावलं. दुपारपर्यंत शोध चालला होता. शेवटी सरच आले आणि शांतपणे म्हणाले, "उंदीर नाही साहेब. ती प्रक्रिया आहे."

"प्रक्रिया घरी न्या," मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून म्हणाले.

घरी वहिनी होत्या. त्या पिंपळनेरकडच्या. सर आमच्याशी पुस्तकी मराठी बोलत आणि वहिनी त्यांच्याशी अहिराणीतूनच भांडत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ओट्यावर पातेल्यात काहीतरी हिरवट रटरटत होतं. वहिनी मला म्हणाल्या, "पालकनी भाजी समजू नका, मॅडम. गवत शे. मन्हा घरमा आते जेवन कमी अन् गवत जास्ती."

पण सरांचं सगळ्यात मोठं कोडं वहिनींनीच सोडवलं. गवताच्या लगद्याचा कागद होई, पण वाटी केली की वाळताना तिला तडे जात. सरांनी मैद्याची खळ घालून पाहिली, डिंक घालून पाहिला. महिनाभर घरात फुटक्या वाट्यांचा ढीग लागला. एक दिवस वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मेथी कसाले नही टाकत?" त्यांची आई जुन्या कागदांचा लगदा करून त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची आणि धान्य ठेवायला टोपली करायची. मेथी चिकट, शिवाय कडू, म्हणून कीड लागत नाही. सरांनी तसं करून पाहिलं. वाटी तडा न जाता वाळली, बोटानं वाजवली तर टणक वाजली. सर वाटी हातात फिरवत म्हणाले, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारं कधी?" वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर सरांनी द्रोण काढले. पहिली चाचणी स्टाफरूममध्ये शेवभाजीवर झाली. आमच्याकडची शेवभाजी म्हणजे रस्सा असा की कढईचाही जीव घाबरावा. सरांनी प्रत्येकाच्या द्रोणात ती वाढली आणि मोबाइलवर वेळ लावली. सातव्या मिनिटाला इतिहासाच्या सरांच्या पँटवर तांबडा नकाशा उमटला. ते जेवताना एका जुन्या बदलीची गोष्ट सांगत होते.

"अहो, गळतंय हे."

सरांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. "द्रोण बरोबर आहे सर. हा जेवणाऱ्यासाठी आहे. गप्पा मारणाऱ्यासाठी स्टीलचा वापरा."

शाळेचं गवत त्यांना पुरेना. हल्ली लग्नासाठी गावाबाहेर जी मोठमोठी लॉन्स झालीत, तिथे लग्नाच्या आदल्या दिवशी गवत कापतात. कोणत्या लॉन्सवर कधी लग्न आहे, हे सरांना भटजींच्या आधी कळे. लग्न कोणाचं, हे मात्र त्यांना कधीच माहीत नसे.

एका संध्याकाळी माझी बस चुकणार होती म्हणून सरांनी मला स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडायचं कबूल केलं. वाटेत एका लॉन्सवर दोन मिनिटं थांबायचं होतं. दोन मिनिटांत दोन गोण्या आल्या. एक सरांच्या पायाशी, दुसरी माझ्या मांडीवर. पुढे नाक्यावर पोलीस गाड्या तपासत होते. हवालदारांनी गोणी दाबून पाहिली, तोंड सोडलं, वाळकं हिरवं गवत चिमटीत घेऊन हुंगलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"गोणीत काय आहे?"

"गवत."

"ते दिसतंय. कसलं?"

"लॉनचं."

"घरी गाय आहे?"

"नाही."

"म्हैस? शेळी?"

"नाही हो."

"मग गवत कोणासाठी?"

"माझ्यासाठी," सर म्हणाले.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हालाही गवत लागतं का?" मी म्हटलं, मी मराठी शिकवते. त्यांना त्याचा संबंध कळला नाही, आणि खरं तर मलाही नाही.

आतापर्यंत आणखी दोघे पोलीस आले होते. सरांना आपल्यावर कसला संशय आहे ते कळलं. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, यात नशा नाही. मी ओढून पाहिलेलं आहे. फक्त खोकला येतो."

"ओढून कशाला पाहिलंत?"

"मागे एका नाक्यावर हेच विचारलं होतं. तेव्हा मला खात्रीनं सांगता आलं नाही. मग घरी जाऊन बघितलं."

मी डोळे मिटून घेतले. सरांनी मात्र डिकीतून गवताच्या कागदाची वही, एक वाटी आणि त्याच लगद्याचं छोटं घुबड बाहेर काढलं आणि नाक्यावरच्या बाकावर मांडलं. वीस मिनिटं ते सोडा, जाळी आणि मेथी यावर बोलले. माझी बस गेली. हवालदारांनी वही उलटसुलट करून पाहिली, बोटानं चुरगळून पाहिली, आणि मग गोणीचं तोंड स्वतःच्या हातानं बांधून दिलं. "आमच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढं लॉन आहे," ते म्हणाले. "दर रविवारी कापतात. तिथलंही घेऊन जात जा. माळ्याला माझं नाव सांगा."

त्यानंतर सर दर रविवारी तिकडे जाऊ लागले.

सरांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं तेव्हा शाळेच्या संस्थापकांच्या पुतळ्याचं नाक पडलं. संस्थापकांना सगळे आबा म्हणत. अध्यक्ष त्यांचेच चिरंजीव. फाटकाजवळ आबांचा सिमेंटचा अर्धपुतळा होता. रंगाऱ्याची शिडी घसरून त्यावर आदळली आणि नाकाबरोबर अर्धी मिशीही गेली. पुण्यतिथी भाद्रपदात होती. अध्यक्षांनी फायबरचा तयार पुतळा मागवायचं ठरवलं. सरांनी अर्ज दिला, की पुतळा मी करतो. अर्ज अर्थातच गवताच्या कागदावर होता आणि मुख्याध्यापकांनी तो दोन बोटांत धरून बैठकीत नेला.

अध्यक्ष तापट, पण मनानं वाईट नव्हते. म्हणाले, "सर निवृत्त होताहेत. करू द्या. पण फायबरचा मागवून ऑफिसात ठेवा. ऐनवेळी फजिती नको."

मी सरांना विचारलं, "सर, उगाच जोखीम का घेताय?"

ते लगदा मळत होते. हात न थांबवता बोलले. "मॅडम, नोकरीभर मी काय केलं सांगा. फळ्यावर सुविचार लिहिले. गॅदरिंगचे पडदे रंगवले. पाहुणे आले की रांगोळी काढली. पाहुणे त्यावरूनच चालत आत गेले. माझं प्रत्येक काम संध्याकाळपर्यंत डस्टरनं नाहीतर झाडूनं गेलंय. एकदा तरी लोकांनी उभं राहून बघावं, एवढंच."

"पण गवताचा पुतळा टिकणार किती?"

"आडोशाला ठेवला तर दोन पावसाळे."

"दोनच?"

"बघायला दोन मिनिटं लागतात, मॅडम."

त्यांनी महिनाभर दुसरं काही केलं नाही. आबांचे फोटो जमवले. आबांना टक्कल होतं आणि ते सगळ्या धुळ्याला माहीत होतं. लोक त्यांना लांबून त्या तकतकीवरून ओळखत. सरांनी ठरवलं की टोपी नाही घालायची, डोकं उघडंच ठेवायचं. चेहरा असा जमला की शिपाईभाऊ वर्गात आले आणि नकळत चपला बाहेर काढून उभे राहिले. त्यांची नेमणूक आबांनीच केली होती.

राहिली फक्त तकतकी. त्यासाठी डोक्यावर मेथीचा जाड थर द्यायचा होता. पोळ्यासाठी वहिनी माहेरी गेल्या होत्या आणि त्या दिवशी नेमकी वीज गेली. मिक्सर बंद. सरांनी भिजवलेली मेथी स्वतःच वरवंट्यानं कशीबशी चेचली आणि आबांच्या टकलावर थापली. काही भुवयांवरही लावली. तडे जाऊ नयेत म्हणून वरून ओलं फडकं टाकलं. खोलीला कुलूप लावलं. पोळा, त्याला जोडून रविवार, असा आठवडा गेला. सर रोज येऊन फडक्यावर पाणी शिंपडत आणि न उघडता परत जात. अनावरण अध्यक्षांच्याच हातून व्हावं, आधी आपणही पाहू नये, असा त्यांचा भाबडा नेम होता.

पुण्यतिथीच्या सकाळी हॉल भरला. पहिल्या रांगेत आबांच्या पत्नी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी. त्यांना सगळे अक्का म्हणत. अध्यक्षांनी दोरी ओढली. फडकं जरा अडकलं, मग खाली पडलं.

चेहरा हुबेहूब आबांचा होता. डोक्यावर बोटभर उंच केस होते.

हिरवे-पिवळे, दाट, कोवळे. प्रत्येकाच्या टोकाला दोन चिमुकली पानं. फडक्याच्या वजनानं ते सगळे एका बाजूला निजले होते, त्यामुळे नीट भांग पाडल्यासारखं दिसत होतं. दोन्ही भुवयांनाही कोंब फुटले होते आणि उजव्या कानातून एक एकटाच बाहेर आला होता.

मागच्या बाजूला भूगोलाच्या मॅडमना हसू फुटलं आणि त्यांनी त्याचा खोकला केला. मुख्याध्यापक शिपाईभाऊंच्या कानाशी लागले, "फायबरचा आणा. पळा." अध्यक्षांचे कान लाल होत चालले होते.

"सर, हे काय आहे?"

सर पुतळ्याजवळ गेले. वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. महिन्याभराची मेहनत, निवृत्तीच्या तोंडावर, सगळ्या गावादेखत. ते सरळ उभे राहिले आणि खरं तेच म्हणाले.

"मेथी."

अध्यक्ष काही बोलणार एवढ्यात काठीचा आवाज झाला. अक्का उठल्या होत्या. कुणी धरायला गेलं तर त्यांनी हात झटकला. सावकाश चालत त्या पुतळ्यापर्यंत गेल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागे, जसा घरच्या माणसाच्या डोक्यावरून फिरवतात.

"लगीन व्हयनं तवय त्यासले असाच केस व्हतात," त्या म्हणाल्या.

"आई, ती मेथी आहे," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"माले दिखस. तू जलमना तवय अर्धा गयेल व्हतात. तुले काय माहीत?"

लग्नातले ते केस पाहिलेलं त्या हॉलमध्ये त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. त्या तिथे किती वेळ उभ्या होत्या सांगता येणार नाही. आम्हीही उभे राहिलो, कारण त्या उभ्या होत्या. मग त्यांनी मागे वळून विचारलं, "हाई कोनी करं?"

सरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

अक्कांनी त्यांना नीट न्याहाळलं, मान डोलावली आणि आपल्या खुर्चीकडे निघाल्या. दारात शिपाईभाऊ फायबरचा पुतळा खोक्यासकट कवेत धरून धापा टाकत उभे होते. अध्यक्षांनी त्यांना हातानंच परत जायची खूण केली आणि हार उचलला. हार घालताना त्यांनी केस चुरगळणार नाहीत याची काळजी घेतली, हे मी पाहिलं.

वहिनी माहेरून आल्यावर सर्व हकिगत ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मेथी कोनी वाटी?" सर म्हणाले, मी. "मंग बरोबर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मेथी आठवड्यात वाळली आणि आबा पुन्हा आबांसारखे दिसू लागले. सर निवृत्त झाले. पुतळा व्हरांड्यात होता, पण पाऊस तिरपा आला की त्यावर जाई. पहिल्या पावसाळ्यात कान मऊ पडले. दुसऱ्यात जबडा उतरला. सर अधूनमधून येत, बोटानं दाबून बघत आणि वहीत लिहून घेत. त्यांच्या तोंडावर दुःख शोधलं तर सापडत नसे. पुढच्या पुण्यतिथीच्या आधी अक्कांनी निरोप पाठवला, की नवा करा. मुख्याध्यापकांनी कळवून पाहिलं, की फायबरचा तयार आहे, तो कायमचा टिकेल. अक्कांचं उत्तर आलं, की मग तो बघायला मी कशाला येऊ.

तेव्हापासून सर दरवर्षी नवा पुतळा करतात. आता ते काम अक्कांच्या घरी, मागच्या पडवीत चालतं. वहिनी मेथी स्वतः वाटून देतात, मिक्सरमधून, दोनदा. अक्का खुर्ची टाकून बसतात आणि सूचना देतात. एका वर्षी त्यांनी मिशी जाड करायला लावली, एका वर्षी डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढून टाकायला लावल्या. सर ऐकतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम कुणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघतंय.

गेल्या श्रावणात मी भेटायला गेले तेव्हा चेहरा ओलाच होता. सरांनी ओठांपर्यंत आणून हात थांबवला आणि विचारलं, "अक्का, यंदा कसं करू?"

अक्कांनी खुर्ची त्या चेहऱ्याजवळ ओढली.

"यंदा जराखा हासता करा," त्या म्हणाल्या. "जित्ता व्हतात तवय कधी हासनात नहीत. आते हासाले काय जास?"

सरांनी अंगठा पाण्यात बुडवला आणि आबांच्या ओठाची एक कड हलकेच वर केली. अक्कांकडे पाहिलं. त्यांनी काठीनं दुसरी कड दाखवली. मग सरांनी तीही वर केली.